मॅनेज्ड स्विचला आयपी पत्ता देताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील जिनिंग, डाळ मिल, पतसंस्था, महाविद्यालये आणि केळीची शीतगृहे येथील नेटवर्कची देखभाल करताना जे प्रश्न फोनवर पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते उत्तरांसह येथे एकत्र केले आहेत. वाचकाला केबल क्रिंप करता येते, संगणकाला आयपी पत्ता देता येतो, परंतु मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याची मांडणी आपल्याला बदलता येते असा स्विच, त्याच्या हाती प्रथमच आला आहे, असे गृहीत धरले आहे. या पानावर आकडे आणि आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे वाचाव्यात आणि स्विचवर टाइप करताना मात्र इंग्रजी अक्षरे व इंग्रजी आकडेच वापरावेत.

स्विच आयपी पत्त्याशिवायही चालतो. मग त्याला पत्ता द्यायचाच कशाला?

चालतो, हे खरे आहे. लेअर २ स्विच आलेली फ्रेम (माहितीचे पाकीट) कोणत्या पोर्टमधून पुढे सोडायची हे तिच्यावरील मॅक पत्ता, म्हणजे यंत्राला कारखान्यातच मिळालेला ओळखक्रमांक, पाहून ठरवतो. कोणते यंत्र कोणत्या पोर्टला आहे याचा तक्ता तो स्वतःच तयार करतो, आणि या साऱ्या कामात त्याच्या स्वतःच्या आयपी पत्त्याचा कोठेही संबंध येत नाही. पत्त्याची गरज असते ती देखभाल करणाऱ्याला. रावेर तालुक्यातील एखाद्या पॅकहाउसमध्ये खांबावरचा कॅमेरा अडकून पडला, तर स्विचला पत्ता असल्यास जळगावात बसून त्या पोर्टचा पीओई (नेटवर्क केबलमधूनच जाणारा) वीजपुरवठा बंद करून पुन्हा सुरू करता येतो आणि कॅमेरा दोन मिनिटांत परत येतो. पत्ता नसेल तर गाडी काढावी लागते. मे महिन्यात दुपारी दोन वाजता ती काढणे म्हणजे काय, हे खान्देशात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

याच पत्त्यावरून स्विचचे वेब पान उघडते, एसएसएच (दुरून आज्ञा देण्याची सुरक्षित) जोडणी होते, बिघाडाच्या नोंदी दुसऱ्या संगणकाकडे पाठवता येतात आणि घड्याळ बरोबर ठेवता येते. थोडक्यात, हा पत्ता म्हणजे आपली स्विचपर्यंत परत जाण्याची वाट आहे. पुढील बहुतेक प्रश्न ही वाट कशी तयार करावी, आणि ती स्वतःच्याच हाताने कशी तोडू नये, याविषयीचे आहेत.

पत्ता नेमका कोणत्या पोर्टला द्यायचा?

लेअर २ स्विचवर कोणत्याही एका पोर्टला पत्ता देत नाहीत. पत्ता दिला जातो तो व्हीलॅनच्या आभासी इंटरफेसला. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर पाडलेले वेगळे आभासी नेटवर्क. स्विचच्या आत एक अदृश्य संगणक बसलेला आहे आणि तो एका व्हीलॅनला जोडलेला आहे, अशी कल्पना केली तर हे लवकर उमगते. ज्या पोर्टमधून तो व्हीलॅन बाहेर येतो, त्या प्रत्येक पोर्टमधून त्या पत्त्यापर्यंत पोहोचता येते. नव्या स्विचवर सर्व पोर्ट व्हीलॅन १ मध्ये असतात आणि हा आभासी इंटरफेसही बहुधा तेथेच असतो. म्हणून लॅपटॉप कोणत्याही पोर्टला लावला तरी काम होते.

काही मोठ्या स्विचवर मागच्या बाजूला व्यवस्थापनासाठी वेगळा पोर्ट असतो. त्याला स्वतःचा पत्ता देता येतो आणि त्याचा इतर पोर्टांच्या रहदारीशी संबंध नसतो. तो उपलब्ध असेल तर अवश्य वापरावा.

खोक्यातून काढलेल्या नव्या स्विचचा पत्ता काय असतो?

तो निर्मात्यानुसार बदलतो आणि बहुधा तळाच्या स्टिकरवर छापलेला असतो. टीपी-लिंकच्या अनेक स्विचवर तो १९२.१६८.०.१ असतो, डी-लिंकवर १०.९०.९०.९०, सिस्कोच्या लघुउद्योगांसाठीच्या मालिकेत १९२.१६८.१.२५४, तर नेटगियरचे स्मार्ट स्विच आधी डीएचसीपीकडे (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे) पत्ता मागतात आणि तो न मिळाल्यास १९२.१६८.०.२३९ घेतात. लॅपटॉपला त्याच पट्ट्यातील दुसरा पत्ता स्वतः द्यावा, उदाहरणार्थ १९२.१६८.०.५० आणि मास्क २५५.२५५.२५५.०, आणि ब्राउझरमध्ये स्विचचा पत्ता उघडावा.

हे करताना दोन गोष्टी हमखास आड येतात. लॅपटॉपचे वायफाय चालू राहते, वायफायचा राउटरही नेमका १९२.१६८.०.१ वरच असतो, आणि समोर स्विचऐवजी त्या राउटरचे पान उघडते. मग "पासवर्ड चुकतो आहे" म्हणून फोन येतो. त्यामुळे वायफाय आधी बंद करावे. दुसरे म्हणजे एकाच कंपनीचे चार नवे स्विच एकदम जोडून चालू करू नयेत, कारण चौघांचाही पत्ता एकच असतो. एक स्विच घ्यावा, पत्ता बदलावा, जतन करावा, स्टिकर लावावा आणि मगच दुसऱ्याला हात घालावा.

वेब पान असताना कन्सोल केबल बाळगायची काय गरज?

पत्ता चुकला, विसरला किंवा व्हीलॅन बिघडला, तरी कन्सोल उघडतो. कारण त्याला आयपी पत्ता लागतच नाही. म्हणून केबल बॅगेत असावी. बहुसंख्य स्विचवर वेग ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट आणि फ्लो कंट्रोल बंद, ही मांडणी चालते. काही स्विचवर वेग १,१५,२०० असतो. पुटी किंवा टेरा टर्ममध्ये अक्षरांऐवजी वेडीवाकडी चिन्हे आली तर वेग चुकला आहे असे समजावे. काहीच आले नाही तर एकदा एंटर दाबून पाहावे आणि तरीही पडदा कोराच राहिला तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी केबलला कोणता कॉम क्रमांक मिळाला आहे तो तपासावा. कन्सोल पोर्ट दिसायला नेटवर्क पोर्टसारखाच असतो, त्यामुळे घाईत त्यात साधी पॅच कॉर्ड लावून बसलेली मंडळी मी पाहिली आहेत.

आज्ञा कोणत्या क्रमाने द्याव्यात?

सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवरील क्रम येथे देत आहे. इतर अनेक कंपन्यांच्या आज्ञा याच वळणाच्या आहेत. मॅनेजमेंटसाठी व्हीलॅन १०, स्विचचा पत्ता १९२.१६८.१०.२ आणि राउटरचा पत्ता १९२.१६८.१०.१ असे धरले आहे.

एनेबल
कॉन्फिगर टर्मिनल
व्हीलॅन १०
नेम मॅनेजमेंट
एक्झिट
इंटरफेस व्हीलॅन १०
आयपी ॲड्रेस १९२.१६८.१०.२ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन
एक्झिट
आयपी डिफॉल्ट-गेटवे १९२.१६८.१०.१
एंड

यानंतर "शो आयपी इंटरफेस ब्रीफ" ही आज्ञा द्यावी आणि व्हीलॅन १० च्या ओळीत स्थिती व प्रोटोकॉल या दोन्ही रकान्यांत "अप" आहे का, ते पाहावे. स्थिती "अप" आणि प्रोटोकॉल "डाउन" दिसत असेल तर पत्ता बरोबर असूनही पिंग लागणार नाही. याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्या व्हीलॅनमधील एकही पोर्ट चालू नाही. एक तर कोणताही पोर्ट त्या व्हीलॅनमध्ये घेतलेला नसतो, किंवा घेतलेल्या पोर्टला केबल नसते, किंवा ट्रंकवर (एकाच केबलमधून अनेक व्हीलॅन वाहून नेणाऱ्या पोर्टवर) तो व्हीलॅन सोडलेला नसतो. व्हीलॅन मुळात तयारच केला नसेल, तरीही हीच स्थिती दिसते. एखादा पोर्ट त्या व्हीलॅनमध्ये घेऊन त्याला लॅपटॉप लावला की काही सेकंदांत दोन्ही रकाने "अप" होतात.

सर्व नीट केले होते, परंतु रात्री लाइट गेली आणि सकाळी स्विच जुन्याच पत्त्यावर आला. असे का?

मांडणी जतन केली नव्हती. दिलेली आज्ञा लगेच लागू होते, परंतु ती चालू स्मृतीत राहते आणि वीज जाताच पुसली जाते. ती टिकवण्यासाठी "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग" ही आज्ञा द्यावी लागते. वेब पानावर हेच काम वरच्या कोपऱ्यातील "सेव्ह" करते आणि "अप्लाय" करत नाही. कित्येक जण "अप्लाय" दाबून निर्धास्त होतात.

येथे एक बारीक खाचखळगा आहे. ही आज्ञा दिल्यावर सिस्कोचा स्विच फाइलचे नाव विचारतो आणि कंसात "स्टार्टअप-कॉन्फिग" हे नाव सुचवतो. तेथे फक्त एंटर दाबायचे असते. "हो" या अर्थाने कोणी वाय हे अक्षर टाइप केले तर स्विच निमूटपणे "वाय" नावाची एक फाइल तयार करतो, खरी मांडणी जतन होत नाही आणि पडद्यावर मात्र सगळे ठीक झाल्यासारखे दिसते.

सबनेट मास्कच्या जागी नेहमी २५५.२५५.२५५.० लिहिले तर चालेल का?

त्या नेटवर्कमधील बाकी सर्वांचा मास्क तोच असेल तर चालेल. मास्क हा प्रत्येक यंत्राने स्वतंत्रपणे निवडायचा आकडा नाही. एका व्हीलॅनमधील सर्व यंत्रांचा तो एकच असावा लागतो. पत्त्याचा कोणता भाग गल्लीचा आणि कोणता घराचा, हे मास्क सांगतो. समोरचा पत्ता आपल्याच गल्लीतील असेल तर यंत्र त्याला थेट हाक मारते, नसेल तर निरोप गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे, देते.

चूक कशी दिसते, ते एका उदाहरणातून पाहू. नेटवर्कचा मास्क २५५.२५५.२५५.० आहे आणि कोणीतरी स्विचला १९२.१६८.१०.७० हा पत्ता देऊन मास्क मात्र २५५.२५५.२५५.१९२ लिहिला. आता स्विचच्या समजुतीप्रमाणे त्याची गल्ली १९२.१६८.१०.६४ पासून १९२.१६८.१०.१२७ पर्यंतच आहे. १९२.१६८.१०.१०० वरील लॅपटॉप त्याला आपला वाटतो आणि त्यावरून वेब पान व्यवस्थित उघडते. १९२.१६८.१०.२०० वरील कार्यालयाचा संगणक त्याला परका वाटतो, म्हणून त्याचे उत्तर तो गेटवेकडे पाठवू पाहतो, परंतु १९२.१६८.१०.१ हा गेटवेही त्याच्या गल्लीबाहेरच पडतो, आणि उत्तर निघतच नाही. काही स्विच असा गेटवे नाकारतात, काही मुकाट्याने स्वीकारतात. "अर्ध्या संगणकांवर स्विच दिसतो, अर्ध्यांवर नाही" अशी तक्रार आली की केबल तपासण्याआधी मास्क तपासावा.

आकारांचा हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. २५५.२५५.२५५.० मध्ये २५४ पत्ते वापरता येतात, शेवटी १२८ आल्यास १२६, १९२ आल्यास ६२, २२४ आल्यास ३० आणि २४० आल्यास १४. पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक मारण्याचा असल्यामुळे ते दोन कोणालाही देता येत नाहीत. माझे मत असे की तालुक्याच्या ठिकाणच्या संस्थेने पत्ते वाचवण्याची चढाओढ करू नये. खासगी पत्ते फुकट आहेत. प्रत्येक व्हीलॅनला पूर्ण २५४ द्यावेत आणि डोक्याला होणारा त्रास वाचवावा.

कोणता पट्टा निवडावा?

फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले आहेत. ते म्हणजे १० ने सुरू होणारे सर्व पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. मधल्या पट्ट्यात घोळ होतो, १७२.३२ ने सुरू होणारा पत्ता खासगी नाही, तो जगात दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

१९२.१६८.० आणि १९२.१६८.१ हे दोन पट्टे मात्र टाळावेत. घरोघरचे वायफाय राउटर तेच वापरतात. पतसंस्थेचे लेखापाल मार्चअखेरीस घरून व्हीपीएन लावून बसतात, कार्यालयाचा पट्टा आणि घरचा पट्टा एकच निघतो, आणि लॅपटॉप कार्यालयाचा सर्व्हर घरातच शोधत बसतो. ही चूक सुरुवातीला दोन मिनिटांत टाळता येते. नंतर साठ संगणकांचे पत्ते बदलण्यास एक पूर्ण रविवार जातो.

व्हीलॅनचा क्रमांक आणि पत्त्यातील तिसरा आकडा एकच ठेवावा. महाविद्यालयाचे उदाहरण घेतले तर मॅनेजमेंट १०, कार्यालय २०, प्रयोगशाळा ३०, कॅमेरे ४० आणि वायफाय ५०, म्हणजे १९२.१६८.४०.१७ हा पत्ता वाचताच तो कॅमेऱ्याचा आहे हे कळते. प्रत्येक व्हीलॅनमध्ये १ हा राउटरचा, मॅनेजमेंट व्हीलॅनमध्ये २ ते ३० स्विचसाठी, आणि बाकी व्हीलॅनमध्ये १०० ते २२० डीएचसीपीसाठी, अशी विभागणी मी वर्षानुवर्षे करत आलो आहे. कोणतीही दुसरी विभागणीही चालेल. ती सर्व इमारतींत एकच असावी, इतकेच.

स्विच शेजारच्या संगणकावरून उघडतो, पण दुसऱ्या शाखेतून उघडत नाही. राउटर खराब आहे का?

राउटर खराब असण्यापेक्षा स्विचला डिफॉल्ट गेटवे दिलेला नसण्याची शक्यता खूप जास्त आहे. धुळ्याच्या शाखेतून निघालेली विनंती स्विचपर्यंत पोहोचते, परंतु उत्तर कोणाच्या हाती द्यावे हे स्विचला माहीत नसते. लेअर २ स्विचवर "आयपी डिफॉल्ट-गेटवे" ही आज्ञा पुरेशी आहे. लेअर ३ स्विचवर (म्हणजे व्हीलॅनांमध्ये राउटिंगही करू शकणाऱ्या स्विचवर) "आयपी राउटिंग" चालू केले असेल तर ती आज्ञा यादीत दिसते, पण तिचा परिणाम होत नाही, तेथे "आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.०" आणि त्यापुढे राउटरचा पत्ता असे लिहावे लागते. या एका फरकापायी अनुभवी माणसेही तासभर अडकतात.

स्विचला पत्ता डीएचसीपीने द्यावा की हाताने?

हाताने द्यावा. डीएचसीपीने घेतलेला पत्ता बदलू शकतो, आणि मग स्विच शोधण्याचे काम नव्याने करावे लागते. भारनियमनानंतर लाइट येते तेव्हा स्विच आणि राउटर एकदमच चालू होतात. राउटरला सुरू होण्यास वेळ लागला तर काही स्विच वाट पाहून थकतात आणि कारखान्याने दिलेल्या मूळ पत्त्यावर जाऊन बसतात. हाताने दिलेले पत्ते डीएचसीपीच्या वाटपातून वगळायला विसरू नये, नाहीतर तोच पत्ता एखाद्या पाहुण्याच्या मोबाइलला दिला जाईल.

मॅनेजमेंट व्हीलॅन १ वरच ठेवला तर काय बिघडते?

पाच-सात संगणकांच्या कार्यालयात काही बिघडत नाही. मोठ्या ठिकाणी मात्र व्हीलॅन १ हा न ठरवलेल्या प्रत्येक पोर्टचा व्हीलॅन असतो. म्हणजे भिंतीवरच्या रिकाम्या सॉकेटला लॅपटॉप लावणारा कोणीही थेट स्विचच्या दारात उभा राहतो. म्हणून व्यवस्थापनासाठी वेगळा व्हीलॅन ठेवावा. अडचण हा बदल करताना येते.

मॅनेजमेंट व्हीलॅन किंवा पत्ता बदलताना स्विचचा संपर्क तुटतो. हे कसे टाळावे?

हा या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर मी स्वतः चूक करून शिकलो. कापसाचा हंगाम होता. एका जिनिंगमधील वजनकाट्याच्या केबिनमध्ये कॅमेऱ्यांसाठी व्हीलॅन ३० वाढवायचा होता आणि मी जळगावातून केबिनमधील स्विचवर जोडलेला होतो. मुख्य इमारतीकडे जाणाऱ्या ट्रंकवर मी "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०" अशी आज्ञा दिली. ती "स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०" अशी हवी होती. "ॲड" नसेल तर नवा व्हीलॅन यादीत मिळवला जात नाही. जुनी यादी पुसून तिच्या जागी एकटा ३० उरतो. एंटर दाबताक्षणी मॅनेजमेंटचा व्हीलॅन १० तुटला, काट्याच्या संगणकाचा व्हीलॅन २० तुटला आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली.

वाचलो ते एका गोष्टीमुळे: मी अजून जतन केले नव्हते. रखवालदाराला फोन केला, केबिनमधील पेटीत पिवळी पट्टी लावलेल्या स्विचची पिन काढून दहा आकडे मोजायला आणि पुन्हा लावायला सांगितले. तीन-चार मिनिटांनी पलीकडून आवाज आला, "दिवा लागना, भाऊ." स्विच जतन केलेल्या जुन्या मांडणीवर परत आला होता.

तेव्हापासून दूरवरच्या स्विचवर हात लावण्याआधी मी "रीलोड इन १०" ही आज्ञा देतो. दहा मिनिटांनी स्विच आपोआप पुन्हा सुरू होतो आणि जतन केलेल्या मांडणीवर येतो, म्हणजे रखवालदाराची पिन मी आधीच लावून ठेवलेली असते. ही आज्ञा देताना बदल जतन करायचे का असे स्विचने विचारल्यास "नाही" म्हणावे. बदल केला, संपर्क टिकला, दुसऱ्या संगणकावरूनही पत्ता उघडून पाहिला, की "रीलोड कॅन्सल" द्यावे आणि मगच जतन करावे. ज्युनिपरच्या स्विचवर हेच काम "कमिट कन्फर्म्ड" करते. वेळ सांगितली नाही तर ते १० मिनिटे थांबते आणि पुष्टी न मिळाल्यास बदल मागे घेते. संपूर्ण स्विच पुन्हा सुरू करण्यापेक्षा ती पद्धत अधिक सभ्य आहे.

पत्ता बदलताना आणखी एक युक्ती उपयोगी पडते. आजच्या बहुतेक मॅनेज्ड स्विचवर एकाच वेळी दोन व्हीलॅन इंटरफेस चालू ठेवता येतात. जुना पत्ता न काढता नव्या व्हीलॅनला नवा पत्ता द्यावा, नव्या पत्त्यावरून पुन्हा प्रवेश करावा, आणि त्या नव्या वाटेवर उभे राहूनच जुना पत्ता काढावा. केवळ वेब पानावर चालणाऱ्या स्विचवर हे जमत नसेल तर एक मोकळा पोर्ट आधी नव्या व्हीलॅनमध्ये अनटॅग्ड (फ्रेमवर व्हीलॅनची खूण न लावता) घ्यावा आणि त्या पोर्टचा पीव्हीआयडीही (खूण नसलेली आलेली फ्रेम कोणत्या व्हीलॅनची मानायची तो क्रमांक) तोच करावा. यादीत नाव घालून पीव्हीआयडी विसरणे ही नेहमीची चूक आहे. मग लॅपटॉपला नव्या पट्ट्यातील पत्ता देऊन तो त्या पोर्टला लावावा, म्हणजे बदल झाल्यावर उभे राहायला जागा असते.

स्विच कधी उघडतो, कधी उघडत नाही. केबल बदलूनही फरक पडला नाही. काय तपासावे?

तोच पत्ता आणखी कोणाला दिला आहे का, ते तपासावे. एका पत्त्यावर दोन यंत्रे असतील तर लॅपटॉपला कधी एकाचा मॅक पत्ता मिळतो, कधी दुसऱ्याचा. खात्री करण्यासाठी स्विचला पिंग करावे, "एआरपी -ए" ही आज्ञा देऊन त्या पत्त्यापुढील मॅक पत्ता लिहून घ्यावा, आणि स्विचच्या स्टिकरवरील मॅक पत्त्याशी ताडून पाहावा. काही मॉडेलवर व्हीलॅन इंटरफेसचा मॅक पत्ता स्टिकरवरच्यापेक्षा शेवटच्या एखाद्या अक्षराने वेगळा असतो, तेवढ्याने घाबरू नये. पूर्णपणे वेगळा असेल तर दुसरे यंत्र सापडले. त्यानंतर "शो मॅक ॲड्रेस-टेबल" मध्ये तो मॅक पत्ता शोधला की तो कोणत्या पोर्टमागे आहे ते कळते, आणि त्या पोर्टमागे दुसरा स्विच असेल तर तेथे जाऊन तीच आज्ञा पुन्हा द्यावी.

आपल्याकडे हा दुसरा भिडू बहुतेक वेळा नवा कॅमेरा असतो. हिकव्हिजनचे कॅमेरे १९२.१६८.१.६४ आणि दाहुआचे १९२.१६८.१.१०८ हा मूळ पत्ता घेऊन येतात. बसवणाऱ्याने तो बदलला नाही तर त्या पत्त्यावरील जुन्या यंत्राशी त्यांची टक्कर होते.

संगणकांना अचानक भलतेच पत्ते मिळू लागले आणि इंटरनेट बंद पडले. हा स्विचच्या पत्त्याचा दोष आहे का?

नाही. कोणीतरी घरून आणलेल्या वायफाय राउटरचा लॅन पोर्ट भिंतीतील सॉकेटला लावला आहे आणि तो राउटर डीएचसीपीने पत्ते वाटत सुटला आहे. मॅनेज्ड स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू केले की फक्त विश्वासू ठरवलेल्या पोर्टमधूनच पत्ते वाटले जातात. खऱ्या राउटरकडे जाणारा पोर्ट आधी विश्वासू ठरवावा आणि त्यानंतरच स्नूपिंग चालू करावे. क्रम उलटा झाला तर कोणालाच पत्ता मिळणार नाही. संगणकावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला कोणाकडूनही पत्ता मिळाला नाही एवढाच त्याचा अर्थ आहे.

प्रत्येक व्हीलॅनमध्ये स्विचला पत्ता द्यावा का?

लेअर २ स्विचला एकच पुरे. लेअर ३ स्विच व्हीलॅनांमध्ये राउटिंग करत असेल तर त्या प्रत्येक व्हीलॅनमध्ये त्याला पत्ता लागतो आणि तोच तेथील संगणकांचा गेटवे होतो. डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या व्हीलॅनमध्ये असल्यास "आयपी हेल्पर-ॲड्रेस" देऊन विनंत्या तिकडे पाठवाव्या लागतात.

पत्ता दिल्यानंतर सुरक्षिततेसाठी किमान काय करावे?

मूळ पासवर्ड बदलावा, टेलनेट बंद करून एसएसएच चालू करावे आणि वेब पान एचटीटीपीएसवरच ठेवावे. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघडा जातो. सिस्कोवर एसएसएचसाठी किल्ली तयार करण्याआधी स्विचला होस्टनेम आणि डोमेन नेम द्यावे लागते, अन्यथा ती आज्ञा नाकारली जाते. घड्याळ एनटीपीवर (नेटवर्कवरून अचूक वेळ घेण्याच्या सोयीवर) लावावे आणि "क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०" लिहावे. नाहीतर रात्री साडेनऊचा बिघाड नोंदीत दुपारी चारचा दिसतो आणि कोण कामावर होते यावरून विनाकारण वाद होतात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. स्विचच्या स्मृतीत इतक्या नोंदी मावत नाहीत, म्हणून त्या सिसलॉगने वेगळ्या संगणकाकडे पाठवाव्यात.

स्विचला आयपीव्ही६ पत्ता द्यावा का?

आयपीव्ही४ चा जागतिक साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी संपला, त्यामुळे आज ना उद्या हा प्रश्न येणारच. परंतु संस्थेच्या आतील व्यवस्थापनासाठी खासगी आयपीव्ही४ पत्ते पुरेसे आहेत. फक्त स्विचवर आयपीव्ही६ नकळत चालू नाही ना, हे पाहून ठेवावे. आयपीव्ही४ साठी घातलेले प्रवेशाचे निर्बंध त्या वाटेला लागू होत नाहीत.

आधीचा माणूस काम सोडून गेला. पत्ता आणि पासवर्ड दोन्ही माहीत नाहीत. आता?

पत्ता कन्सोलवरून, किंवा राउटरच्या एआरपी तक्त्यात स्विचचा मॅक पत्ता शोधून मिळू शकतो. पासवर्डही नसेल तर मूळ मांडणीवर जाण्यावाचून सहसा गत्यंतर नसते. त्यासाठी काही स्विचवर पिनेने दाबायचे छिद्र असते, काहींवर समोरचे बटण वीज देताना दाबून धरावे लागते. हे करण्याआधी कोणती केबल कोणत्या पोर्टला आहे याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, कारण व्हीलॅनची सारी विभागणी पुसली जाईल आणि ती केबली पाहूनच पुन्हा उभी करावी लागेल. हे काम रविवारी करावे. वजनकाटा किंवा कॅश काउंटर चालू असताना करू नये.

ही वेळ पुन्हा येऊ नये म्हणून रॅकच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवावा. त्यावर स्विचचे नाव, पत्ता, मास्क, गेटवे, मॅनेजमेंट व्हीलॅनचा क्रमांक, ट्रंकचे पोर्ट, मोकळा ठेवलेला मॅनेजमेंट पोर्ट, कन्सोलचा वेग आणि शेवटच्या बदलाची तारीख एवढे लिहावे, बॉलपेनने लिहावे, कारण शाईच्या पेनाचे अक्षर पहिल्या पावसाळ्यातील दमटपणात फुटते. पासवर्ड त्या कागदावर लिहू नये. तो बंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत ठेवावा.